पेडल कुठलं घेऊ? आधी सांग, ते लावणार कशाला

पत्र असं आलंय:

"दादा, मी देवगड तालुक्यातला, वय 23. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड स्ट्रॅट टाइप गिटार घेतली, तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे तीन एकेरी पिकअप. अ‍ॅम्प 20 वॉटचा आहे, ट्रान्झिस्टरचा, आठ इंची स्पीकर. त्याचं ड्राइव्हचं बटण दाबलं की बाटलीत गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज येतो. आमचा सहा जणांचा ऑर्केस्ट्रा आहे, गणपतीत, जत्रेला, पूजेला कार्यक्रम असतात, तिथे गिटार सरळ मिक्सरला जाते. आता ओव्हरड्राइव्ह पेडल घ्यायचंय, आंब्याच्या सीझनमधले सहा हजार बाजूला ठेवलेत. एक मित्र म्हणतो ट्यूब स्क्रीमरच घे, दुसरा म्हणतो ब्लूज ड्रायव्हर, तिसरा म्हणतो ट्रान्सपरंट पाहिजे, आणि आमचा कीबोर्डवाला म्हणतो पेडल कसलं घेतोस, मल्टिइफेक्ट घे. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. आई विचारते एवढ्याशा डबीला सहा हजार? नेमकं कुठलं घेऊ ते सांगा."

अरे बाबू, पेडलांची, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या या डब्यांची, नावं तू भरपूर लिहिलीस पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेलायस, "तिथे गिटार सरळ मिक्सरला जाते." मी तिथेच थांबलो. नाव सांगतो पुढे, एकच सांगतो, पण आधी हे मिक्सरचं ऐक, कारण हे सोडवलं नाहीस तर हिरवं घे, निळं घे, सोन्याचं घे, मंडपात सगळ्यांचा आवाज सारखाच घाण येणार आहे.

माझ्यावर हे येऊन गेलंय. वीस-एक वर्षं झाली, रत्नागिरीजवळच्या एका वाडीत पूजेचा कार्यक्रम होता, आणि मी नुकतंच पेडल घेतलेलं, आयुष्यातलं पहिलं. घरी पडवीत अ‍ॅम्पवर पंधरा दिवस वाजवून बघितलेलं, इतका सुंदर आवाज होता की रात्री झोप येत नव्हती. मंडपात गेलो, पेडलमधनं केबल काढली ती सरळ मिक्सरला, पहिल्या गाण्याचा मधला तुकडा आला, पाय दाबला आणि कॉलममधनं, म्हणजे मंडपातल्या मोठ्या स्पीकरमधनं, जे काय बाहेर पडलं ते पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी कानावर हात ठेवले. साउंडवाल्याने माझा फेडर खाली ओढला तो कार्यक्रम संपेपर्यंत वर केलाच नाही. मला वाटलं पेडलच खराब निघालं, आणि महिन्याभरात मी ते अर्ध्या किमतीत विकून टाकलं. दोन-तीन वर्षांनी ज्याने ते घेतलं त्याच्याकडे तेच पेडल एका चांगल्या अ‍ॅम्पवर ऐकलं आणि पोटात खड्डा पडला. पेडलमध्ये काही म्हणजे काही खोट नव्हती. ते अजून आठवलं की वाईट वाटतं.

झालं काय होतं सांगतो. गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर हा काही घरच्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरसारखा नसतो, तो साधारण 5 हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडतच नाही, म्हणजे तो स्वतःच एक गाळणी आहे. ओव्हरड्राइव्ह काय करतो, तारेच्या सिग्नलची जी लाट असते तिचे शेंडे दाबतो, आणि शेंडे दाबले की वरच्या पट्टीतले नवे नवे स्वर तयार होतात, त्यातले काही गोड, काही नुसती करकर. गिटारचा स्पीकर ती करकर गाळून टाकतो आणि उरतो तो आपल्याला आवडणारा जाडसर, गळ्यातनं आल्यासारखा आवाज. मंडपातल्या कॉलममध्ये हॉर्न असतो, ट्वीटर असतो, गायकाचा 'स' आणि झांजेची किणकिण स्वच्छ ऐकू यावी म्हणून तो बनवलेला, तो पार 15 हजारच्या वर जातो. गाळणीच नाही. सगळा चोथा लोकांच्या कानात.

म्हणून मिक्सरला जाणाऱ्या माणसाने दोनातलं एक करायचं. एक तर अ‍ॅम्प स्टेजवर न्यायचा आणि त्याच्यासमोर मायक लावायचा. तुमच्या ऑर्केस्ट्राकडे गाण्याचे मायक असतीलच, साधा डायनॅमिक मायक चालतो, शूरच्या एसएम 57 किंवा 58 टाइप कुठलाही, अ‍ॅम्पच्या जाळीपासून दोन-तीन बोटांवर धरायचा, आणि स्पीकरच्या बरोबर मधोमध नको, मध्यापासून थोडा बाजूला सरकवायचा, कारण मधोमध आवाज सगळ्यात टोकदार असतो, बाजूला सरकलं की मऊ होतो. एक इंच इकडेतिकडे केलास तरी फरक कळतो, हे तू स्वतः करून बघ. याला पैसा पडत नाही, फक्त साउंडवाल्याशी आधी बोलावं लागतं आणि एक चॅनल मागून घ्यावा लागतो. 20 वॉटचा अ‍ॅम्प पुरेल का असं तुझ्या मनात आलं असेल, तर पुरतो, लोकांना ऐकवायचं काम कॉलम करणार, अ‍ॅम्पने फक्त मायकला ऐकवायचंय.

दुसरं म्हणजे पेडलनंतर स्पीकरची नक्कल करणारं काहीतरी लावायचं, ज्याला कॅब सिम्युलेशन म्हणतात. तुमचा कीबोर्डवाला जे म्हणतोय ते इथे खरं आहे. झूम, मूअर यांचे जे छोटे मल्टिइफेक्ट मिळतात त्यात ते आतच असतं आणि मिक्सरला सरळ लावलं तरी आवाज माणसात येतो. तुझं घरी वाजवणं जवळजवळ नसतंच, वर्षभर नुसते कार्यक्रम आणि अ‍ॅम्प न्यायला गाडीत जागा नाही अशी परिस्थिती असती तर मी डोळे मिटून तुला कीबोर्डवाल्याचं ऐक म्हटलं असतं. (आणि एक, डीआय बॉक्स, म्हणजे गिटार मिक्सरला जोडायची छोटी डबी, लावला की झालं असं कोणी सांगेल, त्याने लांब केबलची घरघर कमी होते, करकर जात नाही, तो गाळत नाही काही. तुमच्या साउंडवाल्याकडे डिजिटल मिक्सर असेल तर त्याला गिटारच्या चॅनलला 5-6 हजारावर हाय कट लावायला, म्हणजे त्याच्या वरचं कापायला सांग, तेवढ्यानेसुद्धा पुष्कळ निभतं. तुझ्या अ‍ॅम्पच्या हेडफोन आउटमध्येही कदाचित स्पीकरची नक्कल असेल, मॅन्युअल असेल तर बघ.)

पण तू दोन वर्षं घरी रोज वाजवतोयस, अ‍ॅम्प आहे, आणि तुला हाताला कळणारं काहीतरी हवंय असं पत्रावरनं वाटतं, त्यामुळे माझं मत पेडल घे आणि कार्यक्रमाला अ‍ॅम्पला मायक लाव असंच आहे. मल्टिइफेक्टमध्ये शंभर आवाज असतात आणि पहिले सहा महिने माणूस वाजवतो कमी, बटणं जास्त फिरवतो. एका पेडलला तीन नॉब, ड्राइव्ह म्हणजे शेंडे किती दाबायचे, टोन म्हणजे झणका किती, लेव्हल म्हणजे आवाज किती, त्यातनं पळवाट नसते, बोटांनाच सुधारावं लागतं.

आता कुठलं. ओव्हरड्राइव्ह हा आवाज मुळात पेडलचा नाहीच. तुझ्या आजोबांच्या काळी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा, लावला की आधी गरम व्हायचा मग बोलायचा, तसल्याच व्हॉल्व्हचे गिटारचे अ‍ॅम्प होते आणि अजून आहेत, ट्यूब अ‍ॅम्प म्हणतात ते. त्यांचा आवाज फार वाढवला की व्हॉल्व्ह आपोआप लाटेचे शेंडे हळूच दाबायला लागतात, एकदम कापत नाहीत, दाबतात. तो आवाज लोकांना इतका आवडला की तो कमी आवाजात मिळावा, किंवा ट्यूब अ‍ॅम्पला अजून धक्का द्यावा म्हणून ह्या डब्या निघाल्या. हे का सांगतोय, तर तू व्हिडिओत जे ऐकतोयस ते नव्वद टक्के वेळा ट्यूब अ‍ॅम्पला दिलेला धक्का आहे. अमेरिकेतला ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे व्हॉन ट्यूब स्क्रीमर वापरायचा हे खरं, पण तो मोठमोठ्या ट्यूब अ‍ॅम्पना, कान फुटतील एवढ्या आवाजात, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जाड तारा लावून. डबीतनं आलेला भाग त्यात थोडा, बाकी अ‍ॅम्प आणि मनगट. तुझा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प धक्का खाऊन गोड होणार नाही, त्याला क्लीन, म्हणजे ड्राइव्हशिवाय साफ, ठेवायचा आणि सगळा ड्राइव्ह पेडलनेच तयार करायचा, हे धरून निवड करायची.

ट्यूब स्क्रीमर हे आयबानेझचं हिरवं पेडल, पहिलं टीएस 808 हे 1979 च्या सुमाराचं, जपानच्या मॅक्सॉनमधल्या सुसुमु तामुरांनी डिझाइन केलेलं, मग 1982 मध्ये टीएस 9. ह्याची खासियत म्हणजे ते खालचा बास ड्राइव्ह होण्याआधीच काढून घेतं, आणि साधारण 720 हर्ट्झच्या आसपास एक फुगवटा देतं. नाकातनं बोलल्यासारखा वाटतो काही जणांना, एकटं वाजवताना मलाही कधी कधी वाटतो. पण ऑर्केस्ट्रात बसल्यावर कळतं की खाली बेस आणि ढोलकीचा डग्गा, वर झांज, पॅड आणि कीबोर्डची स्ट्रिंग्ज, आणि गिटारला जागा उरते ती बरोबर मधली. तो फुगवटा म्हणजे त्या गर्दीत गिटारचं डोकं वर काढून देणारा.

ब्लूज ड्रायव्हर, बॉसचं निळं, 1995 चं. हे वेगळ्या स्वभावाचं, बास काढत नाही, वरचा झणका जास्त, हळू वाजवलं तर जवळजवळ साफ आणि जोरात मारलं की गुरगुरतं, हाताच्या वजनाला फार छान उत्तर देतं. एकटा बसून वाजवणाऱ्याला मी हेच सांगितलं असतं. पण आठ इंची स्पीकर, सिंगल कॉइल आणि वर ह्याचा झणका, म्हणजे तुझी गांधीलमाशी बाटलीतनं सुटून खोलीत फिरायला लागेल. टोन बराच खाली करून चालवता येतं, पण मग घ्यायचंच कशाला.

ट्रान्सपरंट म्हणजे काय ते तुझ्या मित्राला विचार आणि तो काय उत्तर देतो ते मला कळव. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की गिटार आणि अ‍ॅम्पचा मूळ रंग न बदलता नुसता ड्राइव्ह चढवायचा. मार्शलचं ब्लूजब्रेकर पेडल 1991 मध्ये आलं, त्या घराण्याला लोक असं म्हणतात, आणि बिल फिनेगनचं क्लॉन सेंटॉर 1994 चं, त्यालाही म्हणतात, जरी त्यात मधला फुगवटा चांगला आहे. मूळ क्लॉन आज एवढ्या किमतीला जातं की त्यात मोटारसायकल येईल, सोडून दे. पण मुद्दा असा की ज्याचा मूळ रंग सुंदर आहे त्याने तो जपावा. छोट्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा रंग जपण्यासारखा नसतो रे, त्याला थोडं काजळ-पावडर लागतंच. तुला रंग घालणारं पेडलच हवं.

म्हणून माझं उत्तर: बॉसचं एसडी-1, पिवळी डबी. 1981 पासून आजपर्यंत बनतंय. ट्यूब स्क्रीमरचंच चुलत भावंड, तसाच मधला फुगवटा, तसाच बास आवरलेला, फरक एवढा की ट्यूब स्क्रीमरमध्ये लाटेच्या वरच्या आणि खालच्या बाजूला एकेक डायोड, म्हणजे शेंडे दाबणारा बारीकसा भाग, असतो आणि दोन्ही बाजू सारख्या दाबल्या जातात, एसडी-1 मध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, त्यामुळे दाब तिरका बसतो आणि आवाजाला थोडा खरखरीत दाणा येतो. तो दाणा मला आवडतो, शेंगदाण्याचं कूट आणि पीठ यात जो फरक तो. आणि हे पेडल टीएस 9 आणि ब्लूज ड्रायव्हर या दोघांपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त असतं. भाव बदलत असतात म्हणून आकडा लिहीत नाही, तू दुकानात विचार. बजेटच्या वर गेलं तर ओढाताण करू नकोस, जोयोचं व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह किंवा बेरिंगरचं टीओ 800 घे, दोन्ही ट्यूब स्क्रीमरच्याच सर्किटवर आहेत आणि पुष्कळ स्वस्त. बेरिंगरची डबी प्लास्टिकची आहे, पायाने दाबताना जरा मायेने दाबायची. जोयो धातूचं. आवाजाच्या बाबतीत मंडपातल्या एकाही माणसाला फरक कळणार नाही, आणि स्टेजवर तुलाही नाही.

सेटिंगचं नीट वाच, कारण निम्मी पेडलं ह्यात मार खातात. बहुतेकांचा अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि आवाज पायाच्या घोट्यांना जातो, वरून उभ्याने ऐकताना वाटतं आवाज बोदा आहे म्हणून माणूस टोन वाढवत जातो, आणि स्पीकर तर वरची करकर सरळ समोर फेकत असतो. मग मायक लावला की तो ती सगळी करकर उचलतो. तर अ‍ॅम्प खुर्चीवर ठेव, आवाज कमी कर, आणि स्पीकरच्या समोर हातभर अंतरावर बसून टोन लाव. पहिल्यांदा टोन एवढा खाली आणावा लागेल की तुला चुकल्यासारखं वाटेल, ते चुकलेलं नाही.

अ‍ॅम्प क्लीन, त्याचं ड्राइव्हचं बटण बंदच, कायमचं. पेडलचा ड्राइव्ह आधी पार शून्यावर आण, टोन बारा वाजता (नॉबची खूण घड्याळाच्या काट्यासारखी वाच, बारा म्हणजे सरळ वर), आणि लेव्हल एवढी की पेडल चालू-बंद केलं तर आवाज सारखाच राहील. आता तिसरी तार सातव्या फ्रेटला धरून एकच स्वर वाजव, तो सोडू नकोस, आणि दुसऱ्या हाताने ड्राइव्ह हळूहळू वर ने. आठ वाजता काही नाही, नऊला स्वराच्या कडेला बारीक केस उभे राहतात, दहा-साडेदहाला स्वर लांबायला लागतो. तिथे थांब. तिथून पुढे गेलास तर एकट्या स्वराला मजा येते पण कॉर्ड धरलीस की तीन स्वरांचा काला होतो, आणि वर सिंगल कॉइलची घूंऽऽ पण तेवढीच वाढते. त्या जागी सहाही तारांचा ई मेजर मार, प्रत्येक तार वेगळी ऐकू आली पाहिजे. नाही आली तर ड्राइव्ह अर्धा तास मागे. मग सोलोसाठी लेव्हल थोडी वर, आणि बाकीचं काम गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने करायचं, पेडल चालूच ठेवून नॉब सहावर आणला की जवळजवळ क्लीन, दहावर नेला की ड्राइव्ह. हे एक जमलं की तुझं पायाने दाबणं निम्म्यावर येईल आणि गायकाच्या मागे वाजवताना कधी आत जायचं कधी बाहेर यायचं ते बोटातच येईल. मला हे कळायला दहा वर्षं लागली, तुला एका दुपारी जमेल.

घ्यायचं कुठे. शक्य असेल तर ऐकल्याशिवाय घेऊ नकोस. चतुर्थीला येणाऱ्या चाकरमानी भावाला "एक ओव्हरड्राइव्ह घेऊन ये" म्हणून सांगू नकोस, तो बिचारा दुकानदार देईल ते घेऊन येईल. कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या पकड, सकाळी सीएसएमटीला उतरलास की धोबी तलाव चालत दहा-पंधरा मिनिटं, वाद्यांची दुकानं त्या भागात जुनी आहेत, उघडेपर्यंत चहा पी. स्वतःची गिटार घेऊन जायची, हे सगळ्यात महत्त्वाचं, दुकानातल्या भारी गिटारवर सगळंच छान वाजतं. आणि त्यांना सांगायचं की मला छोट्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर ऐकवा, ते कौतुकाने मोठ्या ट्यूब अ‍ॅम्पला लावून देतात आणि तिथे बिस्किटाचा डबा जोडला तरी गोड लागेल. दोन पेडलं तुलना करताना दोघांची लेव्हल सारखी करून घे, कारण जे जरा मोठ्याने वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं, कानाची ही खोड सगळ्यांची आहे. आणि प्रत्येकावर तेच तीन तुकडे वाजव, एक उघडी कॉर्ड, एक तळहात टेकवून मारलेला ठेका, एक सोलो. दर वेळी वेगळं वाजवलंस तर तू पेडल नाही, स्वतःचा मूड ऐकतोयस. जाणं नाहीच जमलं तर ऑनलाइन घे, पण परत घेतात ना ते आधी वाच, आणि भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर नकली असू शकतं.

करंटचं आता. ही पेडलं 9 व्होल्ट डीसीवर चालतात आणि पिनच्या मधल्या भागात मायनस असतो. तुमच्या कीबोर्डवाल्याचा अ‍ॅडॉप्टर दिसायला तसाच असेल, पिन कदाचित बसेलही, पण बऱ्याच कीबोर्डचा 12 व्होल्टचा आणि मध्ये प्लसवाला असतो, तो लावून पेडल जाळू नकोस. कार्यक्रमाच्या घाईत "अरे लाव हाच" असं कोणीतरी म्हणतंच, तेव्हा नाही म्हण. खरं तर मंडपात मी अ‍ॅडॉप्टर लावतच नाही, 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी घालतो. ओव्हरड्राइव्ह करंट फार थोडा खातो, एक चांगली बॅटरी कितीतरी कार्यक्रम जाते, आणि रोषणाईच्या माळा, जनरेटर, डिमर यांची घरघर अ‍ॅडॉप्टरमधनं आत शिरत नाही. फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवायची, ती आत असली की पेडल बंद दिसलं तरी बॅटरी संपत राहते.

आणि मंडपात मायकला ओठ लागला की झिणझिण्या येतात ते तुलाही माहीत असेल. हसून सोडतात लोक, सोडू नकोस. एका हाताने तार धरलेली, ओठ मायकला, अ‍ॅम्प एका बोर्डवरनं आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवरनं, त्यातल्या एकाला अर्थिंग नाही, तर मधला रस्ता तू आहेस. आता तू अ‍ॅम्प स्टेजवर नेणार म्हणून मुद्दाम सांगतोय. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवर लाव, अ‍ॅम्पची तिसरी पिन काढू नकोस, दोन पिनचा जुगाड करू नकोस, आणि वाजवायला सुरुवात करायच्या आधी टेस्टर तारांना लावून बघ. पेटला तर गिटार खाली, आधी वायरमनला बोलाव. पावसात ओल्या जमिनीवर चप्पल घालूनच उभा राहा.

समुद्राजवळ राहतोस तर खाऱ्या हवेचंही बोलतो. माझं एक पेडल पावसाळ्यात तीन महिने खिडकीजवळच्या फळीवर राहिलं, सप्टेंबरात काढलं तर कुरकुर कुरकुर, नॉब फिरवला की सरसर. इनपुट जॅकमध्ये टॉर्च मारून बघितलं तर आतल्या पत्तीवर हिरवट पावडर धरलेली, बॅटरीच्या जागी पांढरी. मोबाइल रिपेअरवाल्याकडे कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, जॅकमध्ये जरासा मारून केबल दहा-बारा वेळा आतबाहेर करायची, नॉबच्या फटीतनं एक फवारा देऊन नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, बहुतेक वेळा सुटतं. खोबरेल घालू नकोस, कोणीतरी सांगेल. वाजवून झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाकून, आणि पावसाळ्यात वाजवणार नसशील तर बॅटरी काढून. केबलच्या पिनासुद्धा सुक्या फडक्याने पुसत जा, निम्मा वेळ पेडलला शिव्या बसतात आणि गुन्हेगार केबल असते. सहा हजारातले थोडे त्यासाठीच ठेव, एक चांगली केबल, एक बॅटरी, एक स्प्रे.

आईला सांग, डबीच्या आत काय आहे ते नाही, डबीने काय होतं ते ऐकव. पेडल आलं की तिला ओटीवर बसव, तिच्या आवडीचं एक जुनं गाणं आधी क्लीन वाजव, मग त्यातला एकच तुकडा, जिथे मूळ गाण्यात व्हायोलिन किंवा सनई लांबते ना, तो ड्राइव्ह लावून वाजव, लेव्हल न वाढवता, स्वर लांबू दे. माझ्या आईने पैशाचं विचारणं तेव्हाच थांबवलं होतं.

चतुर्थीला अजून वेळ आहे, तोपर्यंत पेडल हातात बसेल. तुमच्या साउंडवाल्याला मात्र आत्ताच फोन करून सांगून ठेव, गिटारला एक मायक आणि एक चॅनल लागणार म्हणून, नाहीतर आयत्या वेळी तो मायक ढोलकीला गेलेला असेल.